डीटीएचचं प्रोग्रॅम गाइड: चालतं कसं आणि अडलं तर काय तपासायचं

रिमोटवरचं 'गाइड' बटण दाबलं की पडद्यावर चौकटींचं वेळापत्रक येतं. डावीकडे चॅनलची नावं, वर वेळ, मधल्या खणांत कार्यक्रम. बऱ्याच घरांत या बटणाचा उपयोग 'मॅच कुठे लागलीय' एवढ्यापुरताच होतो, आणि खण रिकामे दिसले की 'सर्व्हर डाउन असेल' म्हणून विषय संपतो.

साध्या डीटीएच बॉक्सच्या मागे असा कुठला सर्व्हर नसतो. घरावरची छत्री फक्त ऐकते. 'आज रात्री नऊला काय आहे?' असं उपग्रहाला विचारायची तिच्याकडे सोयच नाही. गाइडमधलं प्रत्येक अक्षर चित्र आणि आवाजाच्या सोबतीने, त्याच सिग्नलमधून वरून खाली येतं. इंटरनेटला जोडलेले नवे अँड्रॉइड बॉक्स काही माहिती नेटवरून घेतात, ते जरा वेगळं प्रकरण. बाकी सगळ्या बॉक्ससाठी एकच गोष्ट पक्की धरा: गाइडची तक्रार ही बहुतेक वेळा सिग्नलची, घड्याळाची किंवा चॅनलच्या यादीची तक्रार असते. आणि या तिन्ही गोष्टी घरबसल्या तपासता येतात.

सिग्नलमध्ये गाइड कुठे असतं

उपग्रहावरच्या एका ट्रान्सपॉन्डरवरून (म्हणजे सिग्नल खाली पाठवणाऱ्या एका यंत्रावरून) एकाच वेळी अनेक चॅनल येतात. त्यांचा डेटा १८८ बाइटच्या छोट्या पाकिटांत कापलेला असतो आणि प्रत्येक पाकिटावर पीआयडी नावाचा क्रमांक असतो. एका क्रमांकाची पाकिटं म्हणजे एका चॅनलचं चित्र, दुसऱ्या क्रमांकाची म्हणजे त्याचा आवाज. आपल्याकडच्या डीटीएच सेवा डिजिटल प्रसारणाच्या ज्या डीव्हीबी मानकावर चालतात, त्यात काही क्रमांक कायमचे राखून ठेवलेत. १६ क्रमांकावर नेटवर्कची माहिती, १७ वर चॅनलची नावं, १८ वर कार्यक्रमांचं वेळापत्रक आणि २० वर घड्याळ. पैसे घेऊन सेवा देणाऱ्या काही कंपन्या याच्या जोडीला आपली स्वतःची पद्धतही वापरतात, पण तत्त्व तेच.

१८ क्रमांकावरचं वेळापत्रक दोन प्रकारांत येतं. पहिला 'आत्ता आणि यानंतर': चालू कार्यक्रम आणि पुढचा कार्यक्रम, एवढंच. उपग्रह प्रसारणात हे जास्तीत जास्त दोन सेकंदांनी पुन्हा पाठवावं, असं मानकाचं मार्गदर्शन आहे. म्हणून चॅनल बदलताच खालच्या पट्टीत कार्यक्रमाचं नाव लगेच उमटतं. दुसरा प्रकार पुढच्या काही दिवसांचा. तो आकाराने मोठा असतो, सावकाश फिरत राहतो. रेल्वे स्टेशनवरच्या घोषणेसारखंच हे: मधूनच आलात तर पुढच्या फेरीची वाट बघायची, पुन्हा सांगा म्हणायची सोय नाही.

चॅनलवाले आपलं वेळापत्रक आगाऊ डीटीएच कंपनीकडे पाठवतात. तिथे ते १८ क्रमांकावरून जाणाऱ्या तक्त्यांत बसवून बाकीच्या सिग्नलबरोबर उपग्रहाकडे चढवलं जातं. प्रत्येक तक्त्याला ० ते ३१ पर्यंतचा आवृत्ती क्रमांक असतो. काही बदललं की क्रमांक एकाने पुढे जातो आणि बॉक्सला कळतं, की साठवलेलं जुनं टाकून नवं घ्यायचंय. चॅनलने ऐनवेळी कार्यक्रम फिरवला आणि कंपनीला कळवलंच नाही, तर क्रमांकही बदलत नाही. गाइड बिचारं जुनंच दाखवत बसतं.

पहिली पायरी: बॉक्सला भरायला वेळ द्या

रात्री झोपताना टीव्हीचं मेन बटण बंद करायची सवय आपल्याकडे घरोघरी आहे, विजेच्या दृष्टीने ती चांगलीच. पण बऱ्याच बॉक्समध्ये गाइड तात्पुरत्या मेमरीत साठवलेलं असतं. वीज गेली की ते पुसलं जातं आणि सकाळी बॉक्स पुन्हा रिकाम्या पाटीने सुरुवात करतो. अशा वेळी लगेच गाइड उघडलं तर 'माहिती उपलब्ध नाही' दिसणारच. एखादं चॅनल लावून काही मिनिटं थांबा, मग उघडा. रेकॉर्डिंग किंवा रिमाइंडर वापरत असाल तर बॉक्स रिमोटने स्टँडबायवर ठेवा, भिंतीवरचं बटण चालू राहू द्या.

इथे आणखी एक खुबी आहे. साध्या बॉक्सला एकच ट्यूनर असतो, म्हणजे तो एका वेळी एकच ट्रान्सपॉन्डर ऐकू शकतो. प्रसारण करणाऱ्याने प्रत्येक ट्रान्सपॉन्डरवर बाकीच्या ट्रान्सपॉन्डरांचंही वेळापत्रक पाठवलं असेल, तर एका जागी बसून सगळं गाइड भरतं. तसं पाठवलं नसेल, तर ज्या ट्रान्सपॉन्डरवर तुम्ही आहात त्याच्याच चॅनलचे खण भरतात. काही खण भरलेले, काही मोकळे असं दिसलं तर मोकळ्या खणांपैकी एखादं चॅनल थोडा वेळ लावून बघा. त्याच्या आजूबाजूची आणखी काही चॅनलही भरली, तर बॉक्स ठणठणीत आहे. फुकट चॅनलांपैकी काही जण मात्र फक्त 'आत्ता आणि यानंतर' पाठवतात, काही तेवढंही पाठवत नाहीत. तिथे कितीही थांबलात तरी उपयोग नाही.

दुसरी पायरी: घड्याळ

गाइडच्या सगळ्यात गमतीशीर तक्रारी इथून येतात, म्हणून जरा खोलात जाऊ.

समजा, एक मालिका १ मे २०२६ ला रात्री साडेआठला सुरू होतेय आणि अर्धा तास चालणार आहे. सिग्नलमध्ये तिची नोंद अशी येते: तारीख ६११६१, वेळ १५ ०० ००, कालावधी ०० ३० ००. ही तारीख म्हणजे १७ नोव्हेंबर १८५८ पासून मोजलेले दिवस, खगोलशास्त्रज्ञांची ही जुनी रीत. वेळ दुपारी तीनची, कारण नोंद नेहमी जागतिक प्रमाणवेळेत असते. कार्यक्रम कधी संपणार हे कुठेच लिहिलेलं नसतं. बॉक्स सुरुवातीत कालावधी मिळवून ते काढतो. सुरुवातीच्या वेळेत भारतासाठी साडेपाच तास मिळवले की पडद्यावर '८:३०' येतं. किती तास मिळवायचे आणि कुठल्या देशासाठी, तेसुद्धा २० क्रमांकावरच्या घड्याळासोबत पाठवायची सोय आहे.

(तारखेसाठी फक्त १६ बिट ठेवलेत. त्यात २२ एप्रिल २०३८ नंतरचा दिवस मावत नाही. तोवर आजचे बॉक्स भंगारात गेलेले असतील, पण पद्धत ठरवणाऱ्यांना तेव्हा २०३८ फारच लांब वाटलं असावं.)

आता निदान सोपं आहे. सगळ्याच चॅनलवर रात्री साडेआठची मालिका दुपारी तीनला दिसतेय? बॉक्सला साडेपाच तास मिळवायचं कुणी सांगितलेलं नाही. फुकट चॅनलांच्या बॉक्समध्ये मेनूतून सिस्टिम सेटिंगमध्ये जा, तिथे 'टाइम' किंवा 'टाइम झोन' असेल. जीएमटीचा (म्हणजे जागतिक प्रमाणवेळेचा) वापर 'ऑन' करा आणि झोन +५:३० ठेवा. फरक फक्त अर्ध्या तासाचा असेल तर कुणीतरी +५:०० किंवा +६:०० ठेवलंय. जीएमटी 'ऑफ' असेल तर बॉक्स हाताने लावलेल्या वेळेवर चालतो आणि वीज गेली की भरकटू शकतो. कंपनीच्या बॉक्समध्ये बहुधा ही सेटिंग ग्राहकाच्या हातात नसते. तिथे बॉक्स बंद करून पुन्हा चालू करणं हाच घरगुती उपाय.

एकाच चॅनलवर पाच-दहा मिनिटांचा फरक असेल तर सेटिंगला हात लावू नका. ते चॅनलच उशिरा चाललंय. जाहिराती वाढल्या किंवा थेट कार्यक्रम लांबला, की असं होतं.

तिसरी पायरी: सिग्नलची क्वालिटी

चित्र दिसतंय म्हणजे सिग्नल चांगला, असं आपण धरून चालतो. गाइडच्या बाबतीत ते तितकं खरं नाही. चित्रात थोडी चूक शिरली तर एखादा चौकोन फुटतो आणि बॉक्स पुढे जातो. तक्त्याच्या प्रत्येक तुकड्याच्या शेवटी मात्र तपासणीचा आकडा जोडलेला असतो. तो जुळला नाही तर बॉक्स अख्खा तुकडा फेकून देतो आणि पुढच्या फेरीची वाट बघतो. कमजोर सिग्नलवर म्हणूनच गाइड भोकं पडल्यासारखं दिसतं: सकाळचे कार्यक्रम आहेत, दुपारचे गायब, रात्रीचे पुन्हा आहेत.

मेनूतल्या सिग्नलच्या पानावर दोन पट्ट्या असतात, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. बघायची ती क्वालिटी. स्ट्रेंग्थ भरपूर आणि क्वालिटी तळाला असेल तर छत्री हललेली असू शकते, किंवा एलएनबीच्या (छत्रीसमोर बसवलेल्या, सिग्नल पकडणाऱ्या डबीच्या) जोडणीत पाणी गेलेलं असू शकतं. पावसाळ्यात कोकणात किंवा घाटमाथ्यावर धो धो कोसळताना क्वालिटी पडते, कारण डीटीएचच्या केयू बँडच्या लहरी पावसाच्या थेंबांत विरतात. तेव्हा छतावर चढू नका. पाऊस ओसरल्यावर क्वालिटी आपोआप वर आली, तर काहीच बिघडलेलं नाही.

चौथी पायरी: पुन्हा स्कॅन

चॅनलचं चित्र येतंय पण नाव भलतंच दिसतंय, किंवा नाव बरोबर आणि गाइड कोरं, असं असेल तर चॅनलची यादी शिळी झालीय.

बॉक्स वेळापत्रक आणि चॅनल यांची जोडी नावावरून लावत नाही. नेटवर्क, ट्रान्सपॉन्डरचा प्रवाह आणि चॅनल यांच्या तीन क्रमांकांवरून लावतो. चॅनल एका ट्रान्सपॉन्डरवरून दुसरीकडे गेलं की यांपैकी काही क्रमांक बदलतात. बॉक्सकडे जुने असतील तर वेळापत्रक समोरून जात असूनही त्याला ते आपलं वाटत नाही. डीडी फ्री डिशवर हे जास्त घडतं. २००४ मध्ये 'डीडी डायरेक्ट प्लस' म्हणून सुरू झालेल्या आणि आता ९३.५ अंश पूर्वेच्या जीसॅट-१५ वरून येणाऱ्या या सेवेवर खासगी चॅनलांच्या जागांचा ई-लिलाव होतो, त्यामुळे चॅनल येतात-जातात. मधूनमधून ऑटो स्कॅन करत राहा. स्कॅनने तुमची आवडत्या चॅनलची यादी पुसली जाऊ शकते, तेव्हा आधी फोनवर तिचा फोटो काढून ठेवा.

पैसे भरून घेतलेल्या सेवांत नवी यादी कंपनीच पाठवते. तिथे चॅनलांचा क्रमही ग्राहकाच्या हाती नसतो. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे एका प्रकारची चॅनल गाइडमध्ये सलग हवीत आणि एक चॅनल एकाच जागी दिसायला हवं.

रेकॉर्डिंग लावताना

साध्या बॉक्समध्ये टायमर हा निव्वळ घड्याळावर चालतो. साडेआठ ते नऊ म्हणजे साडेआठ ते नऊ, मालिका आठ पस्तीसला सुरू झाली तरी. गाइडमधून कार्यक्रम निवडला की आपोआप त्याच वेळा भरल्या जातात; टायमरच्या पानावर जाऊन आधी पाच आणि नंतर पंधरा मिनिटं वाढवा. क्रिकेटला तेवढं पुरत नाही. पावसाने थांबलेली टी-ट्वेंटी मॅच गाइडमधल्या वेळेला जुमानत नाही आणि शेवटची ओव्हर नेमकी कापली जाते. तिथे सरळ दीड तास जादा ठेवा. पेन ड्राइव्हवरची जागा वाया गेलेली परवडते.

भाषा आणि चाइल्ड लॉक

प्रत्येक कार्यक्रमाच्या माहितीला तीन अक्षरी भाषेचा कोड असतो, मराठीचाही आहे, आणि देवनागरी पाठवायची तांत्रिक सोयही आहे. अडचण बॉक्सची. त्यात देवनागरी फॉन्ट नसला तर नुसते चौकोन दिसतात. या भानगडीत न पडता बरेच जण मराठी मालिकांची नावंही रोमन लिपीतच पाठवतात. ज्याच्या बॉक्सला फॉन्ट आहे, त्यालाही त्यामुळे देवनागरी मिळत नाही, हे मात्र खटकतं. मेनूत गाइडच्या भाषेचा पर्याय असेल तर बदलून बघा, फार अपेक्षा नको.

चाइल्ड लॉक दोन तऱ्हेचं असतं. चॅनलला लॉक लावणं भरवशाचं. वयोमर्यादेचं लॉक कार्यक्रमासोबत वयाची नोंद पाठवलेली असेल तरच चालतं, आणि ती नोंद नसली तर बॉक्स बिनदिक्कत सगळं दाखवतो. घरात लहान मुलं असतील तर चॅनललाच लॉक लावा.

तक्रार करायची वेळ आली तर

एका चॅनलचं वेळापत्रक गेल्या आठवड्याचंच दिसतंय, किंवा दुसऱ्याच चॅनलचे कार्यक्रम त्याच्या नावापुढे आलेत, तर ती चूक वरूनच आलेली असते. घरी काही करण्यासारखं नाही. कस्टमर केअरला फोन करण्याआधी चॅनलचा क्रमांक, गाइडमध्ये काय दिसतंय, प्रत्यक्षात काय चाललंय आणि घड्याळात किती वाजलेत, एवढं कागदावर घ्या. पडद्याचा फोटो असेल तर उत्तम. 'बाकीच्या चॅनलचं गाइड बरोबर आहे, सिग्नलची क्वालिटी चांगली आहे, बॉक्स रीस्टार्ट करून झालाय' हे पहिल्याच वाक्यात सांगा. नाहीतर पलीकडचा माणूस तुम्हाला तेच सगळं पुन्हा करायला लावेल, आणि शेवटी तंत्रज्ञाच्या भेटीचे पैसे मागेल. चुकीचा डेटा दुरुस्त करायला तंत्रज्ञ घरी यायची गरजच नसते.