टर्नटेबल हळू फिरतोय, सूर डोलतोय: नवा घेण्याआधी हे बघा

बेल्टवर चालणारा जुना टर्नटेबल. रेकॉर्ड लावली की सूर उतरलेला आणि तानपुरा डोलणारा. सगळ्यांचा सल्ला एकच, नवा घ्या. वेगाचा स्क्रू फिरवला, तासाभरात पुन्हा तेच. बेल्ट उलटा करून बसवला, तरी डोलणं कायम. वैताग आला होता.

आधी ठरवायचं होतं की मशीन ठेवण्यालायक आहे का. रेकॉर्ड ठेवायची थाळी धरून आडवी हलवली, बेअरिंगमध्ये खडखड नाही. टोनआर्मचं (सुई धरणाऱ्या दांड्याचं) वजन शून्यावर आणून तो तरंगत ठेवला आणि हलकी फुंकर मारली. कुठेही न अडकता सरकला. यातलं एक जरी बिघडलेलं असतं, तर मी पैसे घातले नसते. बेल्ट आणि सुई झिजायच्याच, त्यांच्यापायी मशीन टाकू नये.

मग प्लग काढून थाळी उचलली. मोटरच्या पुलीवर रबराचा काळा थर चिकटला होता, तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूर्ण पुसला. बेअरिंगमधलं चिकट तेल काढून ताजं थेंबभर घातलं. पुली आणि आतल्या थाळीभोवती दोरा ताणून माप घेतलं, बेल्ट त्याहून साधारण 5 टक्के आखूड आणला. तो बसवून थाळी थोडा वेळ नुसती फिरू दिली. वेगाचा स्क्रू सगळ्यात शेवटी: स्ट्रोबची चकती (वेग तपासायची रेघांची चकती), 50 हर्ट्झच्या विजेवर मिनिटाला 33⅓ फेऱ्यांसाठी 180 रेघांची, निऑन दिव्याखाली ठेवून, सुई रेकॉर्डवर असतानाच. रेघा थांबलेल्या दिसल्या की वेग बरोबर.

टोनआर्म शून्यावर आणलेला असतो, म्हणून सुई रेकॉर्डवर ठेवण्याआधी तिचं वजन कार्ट्रिजच्या (सुई बसवलेल्या भागाच्या) आकड्याप्रमाणे पुन्हा लावायला विसरू नका.