गिगाबिट फायबरनंतर ट्रॅफिकचा आलेख चुकीचा दिसत असेल तर

शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या फाउंड्रीत १०० एमबीपीएसचं जुनं नेटवर्क काढून गिगाबिट फायबर आणि नवे स्विच बसवले. तेव्हापासून नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या मॅनेजमेंट सॉफ्टवेअरमध्ये मोठ्या डिझाइन फाइली जाताना ट्रॅफिक किरकोळच दिसायचं. पिंग मात्र चोख. एसएफपी (स्विचमध्ये फायबर जोडायचे मॉड्यूल) बदलले, पॅच कॉर्ड (जोडणीच्या छोट्या केबल) पुसल्या, सॉफ्टवेअर पुन्हा टाकलं. डोकं पार पिकलं.

दोष काउंटरचा होता. स्विचच्या पोर्टवरून गेलेले बाइट मोजणारा साधा ऑक्टेट काउंटर ३२ बिटी, म्हणजे पूर्ण भरला की पुन्हा शून्यापासून मोजणारा. १०० एमबीपीएसवर लाइन पूर्ण भरली तरी तो शून्यावर यायला सुमारे ३४३ सेकंद लागतात, त्यामुळे सॉफ्टवेअरने दर ५ मिनिटांनी काउंटर वाचणं (पोलिंग) चालून जायचं. गिगाबिटवर तो ३४ सेकंदांतच फिरतो आणि मधल्या फेऱ्या सॉफ्टवेअरला कळतच नाहीत.

उपाय म्हणजे ६४ बिटी काउंटर वाचणं. आधी स्विचवर एसएनएमपी व्ही२सी (स्विचमधली माहिती वाचायच्या प्रोटोकॉलची आवृत्ती) सुरू केलं. व्ही१ वर ६४ बिटी काउंटर वाचताच येत नाहीत, म्हणून हा क्रम चुकवू नका. मग सॉफ्टवेअरमध्येही त्या स्विचची आवृत्ती व्ही२सी केली. सर्व्हरवरून एसएनएमपीवॉक या कमांडने १.३.६.१.२.१.३१.१.१.१.६ हा ओआयडी (६४ बिटी काउंटरचा पत्ता) वाचून आकडे येतात याची खात्री केली. शेवटी सॉफ्टवेअरमधले जुने सेन्सर (ट्रॅफिक मोजायच्या नोंदी) काढून नवे लावले: येणाऱ्या ट्रॅफिकला हाच ओआयडी, जाणाऱ्याला शेवटी ६ ऐवजी १०. मोठी फाइल कॉपी केली, आलेख बरोबर चढला.