कानाची वंशावळ कशी लिहावी

आवडते गायक कोण, असं कोल्हापुरात कुणालाही विचारा, पहिली नावं भारदस्तच येतात: भीमसेन, किशोरीताई, लताबाई. खरी यादी बऱ्याचदा निराळी असते. तीत मंडळाच्या कर्ण्यावर दहा दिवस वाजलेली लावणी असते, भिंतीपलीकडून येणारा शेजारचा रेडिओ असतो आणि आज ज्याचं नाव घ्यायला संकोच वाटावा असा एखादा गायकही असतो. म्हणून कानाची वंशावळ, म्हणजे आपल्या कानाला वळण कुठल्या आवाजांनी लावलं त्याची नोंद, लिहायची तर सुरुवात आठवणीपासून नको, घरातल्या पुराव्यापासून करा.

माळ्यावरचा कॅसेटचा खोका खाली काढा. एकही कॅसेट लगेच मागे गुंडाळू नका, आधी प्रत्येकीची फीत कुठे थांबली आहे ते बघा. बाजू संपवून ठेवलेली कॅसेट नीट ऐकून ठेवलेली असते. मध्येच थांबलेली असेल, तर बहुतेक वेळा तिथलंच एखादं गाणं मागे नेऊन पुन्हा ऐकलेलं असतं. कव्हरवरची शाई बोटांनी पुसली गेली आहे का, तेही पाहा. फार वाजलेल्या गाण्याचा वरचा झणकार गेलेला असतो. त्याच बाजूचं पुढचं गाणं टवटवीत आणि हे एकटंच मंद लागलं, तर नाद कशाचा होता ते फीतच सांगते.

फितीच्या कडेला पांढरी पूड दिसली तर ती बुरशी. ती कॅसेट चांगल्या टेपरेकॉर्डरमध्ये घालू नका, बुरशी हेडवर येते आणि तिथून पुढच्या कॅसेटला लागते. पंचगंगेच्या पुरात भिजलेली कॅसेट उन्हात ठेवणं ही सगळ्यात मोठी चूक, कारण फीत आकसते आणि गाळ तिथेच वाळतो. ती डिस्टिल्ड वॉटरने धुवून सावलीत हळूहळू वाळू द्या. आवाज अगदीच दबका येत असेल तर फितीमागचा बारीक फेल्टचा तुकडा गळून पडला आहे का ते बघा. तसं असेल तर स्क्रू काढून दोन्ही चकत्या दुसऱ्या चांगल्या कॅसेटच्या खोक्यात बसवायच्या. तुटलेली फीत साध्या सेलोटेपने जोडू नका, त्याचा डिंक पाझरून वरचा वेढा चिकटतो.

वेग तपासल्याशिवाय कुठल्याही आवाजाबद्दल मत बनवू नये. टेपरेकॉर्डरमधला रबरी पट्टा सैल झाला की गाणं रेंगाळतं आणि गायक उगाच भारदस्त वाटतो. गाण्याची खरी लांबी २०० सेकंद असेल आणि तुमच्याकडे २१२ लागत असतील, तर वेग सुमारे ६ टक्के कमी आहे. म्हणजे सूर जवळजवळ अर्ध्या स्वराने उतरला: पेटीवरची काळी १ची पट्टी पांढरी १ होऊन बसते. लांबी मोजायला मोबाइलचं स्टॉपवॉच पुरेसं आहे. संगणकावर उतरवून घेताना खरखर फार साफ करू नका. खरखरीबरोबर पहिल्यांदा तानपुरा जातो.

आता वही. पाच रकाने आखा: नाव, गाणं कधीचं, कानावर कधी पडलं, कुणामुळे, साधारण किती वेळा. दुसरा आणि तिसरा रकाना एकच समजल्यामुळे निम्म्या याद्या बिघडतात. साठच्या दशकातलं गाणं तुम्ही १९८६ साली ऐकलं असेल, तर तुमच्या हिशेबी ते १९८६चं. साल आठवत नसेल तर प्रसारणाचा आधार घ्या. बिनाका गीतमाला १९५२ला रेडिओ सिलोनवर सुरू झाली आणि बुधवारी रात्री लागायची. विविध भारती ३ ऑक्टोबर १९५७ची. ‘कुणामुळे’ हा रकाना भरायला घरच्यांना विचारावं लागतं, पण ‘आत्या, तुझं आवडतं गाणं कोणतं?’ असं विचारू नका, उत्तर ठरलेलं येतं. ‘आत्या, भाकऱ्या थापताना काय लागलेलं असायचं?’ असं विचारा.

नावं बारापेक्षा जास्त झाली तर शेवटचा रकाना बघून कमी करा. मग कव्हरवरची बारीक अक्षरं वाचा. ऐंशीच्या दशकात जुनी गाणी दुसऱ्यांच्या आवाजात गाऊन घेतलेल्या कॅसेट भरपूर विकल्या गेल्या. मुखपृष्ठावर मूळ गायकाचा फोटो असला, तरी आत गातोय कोण ते तपासा. तुमच्या कानाला वळण त्या नकलेने लावलं असेल तर वहीत तिचंच नाव लिहा. इथे लाजायचं कारण नाही.

याहून मोठी गल्लत गायक आणि संगीतकार यांच्यात होते. यादीतले चार-पाच गायक वेगवेगळे, पण संगीत एकाचंच, असं निघालं तर तुमची आवड त्या संगीतकाराची आहे. कोल्हापुरात जन्मलेल्या सुधीर फडक्यांच्या बाबतीत हे हमखास होतं. ‘गीतरामायण’ पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ला सुरू झालं. ५६ गीतं, आठवड्याला एक. रेडिओवर ती एकट्या बाबूजींनी, म्हणजे फडक्यांनी, गायलेली नव्हती, माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, ललिता फडके असे कितीतरी आवाज त्यात होते. तबकड्या आणि कॅसेट ऐकून वाढलेल्यांच्या कानात मात्र बाबूजींचाच एक आवाज असतो. तेव्हा घरात आजी आणि नातू दोघांनी ‘गीतरामायण’ लिहिलं, तरी ती एकच नोंद धरू नका. पडताळा सोपा आहे: तोच गायक दुसऱ्या संगीतकाराकडे ऐका आणि त्याच संगीतकाराकडे दुसरा गायक. कुठल्या वेळी हात आपोआप फीत मागे नेण्याच्या बटणाकडे जातो, ते लिहा.

यादीत शास्त्रीय नाव असेल तर तिथून एक पिढी मागे जा. खरी गंमत इथेच आहे, आणि कोल्हापूरकराला लांब जावंही लागत नाही. भीमसेनजींकडून सवाई गंधर्व, तिथून अब्दुल करीम खाँ, म्हणजे थेट मिरज. किशोरीताईंकडून मोगूबाई कुर्डीकर, तिथून अल्लादिया खाँ, म्हणजे शाहू महाराजांचा दरबार. मल्लिकार्जुन मन्सूर आधी ग्वाल्हेर गायकी शिकले, मग खाँसाहेबांचे चिरंजीव मंजी खाँ यांच्याकडे. १९३७ साली मंजी खाँ गेले, त्यानंतर धाकटे बंधू भुर्जी खाँ. धोंडूताई कुलकर्णी इथल्याच, आधी भुर्जी खाँ आणि पुढे अल्लादिया खाँ यांच्या शिष्या केसरबाई केरकर. असं झाड, प्रत्येक नावाला एक चौकट, कागदावर काढलं की दोन आवडी एकाच फांदीच्या निघतात. वेगळ्या वाटत होत्या, एवढंच.

ऐकताना अल्लादिया खाँ यांच्या जयपूर घराण्यातला एक राग निवडा, नट कामोदसारखा, आणि केसरबाई व मन्सूर अशा दोघांचं ध्वनिमुद्रण शेजारी ठेवा. पण मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची. तिच्याशेजारी मन्सूरांची नंतरची पाऊण तासाची मैफल ठेवून ‘केसरबाई घाईत गातात’ असं म्हणणं अन्यायाचं आहे. तबकडीशी तबकडी, मैफलीशी मैफल.

पहिल्या वेळी काही लिहू नका. दुसऱ्या दिवशी मांडीवर ठेका धरा: तीनतालाच्या सोळा मात्रा, सम म्हणजे आवर्तनाची सुरुवात पहिलीवर, खाली म्हणजे टाळीऐवजी हात रिकामा जातो ती जागा नवव्या मात्रेला. मुखडा, म्हणजे बंदिशीची पहिली ओळ, कुठल्या मात्रेपासून उचलला आणि समेवर किती सहज उतरला, एवढंच टिपा. सोळा मोजताना चुकायला लागलात तर तबल्याकडे कान ठेवा, खालीला डग्ग्याचा, म्हणजे डाव्या हाताच्या मोठ्या तबल्याचा, घुमारा जातो. तिसऱ्या दिवशी गुणगुणून बघा. जयपूरच्या गाण्यात इथे बहुतेकांची फसगत होते. चाल गुणगुणता येते, पण तान मध्येच निसटते, कारण ती सरळ चढत-उतरत नाही, वळसे घेत जाते आणि लय सोडत नाही. नेमकी कुठल्या मात्रेवर निसटली ती जागा वहीत लिहा. तेवढाच तुकडा दहा वेळा ऐका, सगळा राग नको.

झाड वर वर नेलं की अल्लादिया खाँसाहेबांपाशी अडतं. त्यांनी गाणं मुद्रित होऊ दिलं नाही, त्यामुळे त्यांच्या चौकटीत तबकडीचा नंबर लिहिता येत नाही. तिथे केसरबाई, मोगूबाई आणि मन्सूर या तिघांत जे सारखं सापडलं, तेवढंच लिहा, आणि पेन्सिलीने. किशोरीताईंनी बदललेलं त्यात मिसळू नका, त्यासाठी त्यांची स्वतःची खालची चौकट आहे.