कोर्ट मार्शलमध्ये जवानाचा बचाव : पहिल्या चौकशीपासून अपिलापर्यंत

सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात वकिली करणाऱ्याकडे कधी ना कधी एखाद्या जवानाचे वडील किंवा भाऊ येतात आणि मुलाला युनिटमध्ये अरेस्ट केले आहे, कोर्ट मार्शल होणार असे कळते, आता काय करायचे, असे विचारतात. फौजदारी कामात मुरलेल्या वकिलालाही हे क्षेत्र अनोळखी असते, आणि युनिटमधल्या ज्या तरुण अधिकाऱ्यावर बचावाची जबाबदारी येते त्याचाही बहुधा हा पहिलाच अनुभव असतो. पुढील मार्गदर्शन या दोघांसाठी आहे. ते आर्मी अ‍ॅक्ट 1950 आणि आर्मी रूल्स 1954 यांच्यापुरते मर्यादित आहे. नौदल आणि हवाई दल यांचे कायदे स्वतंत्र आहेत. माझे ठाम मत असे आहे, की कोर्ट मार्शलचा निकाल पुष्कळदा खटला उभा राहण्याआधीच ठरून जातो, आणि म्हणून बचावाचे काम चौकशीच्या पहिल्या दिवसापासून, आणि तेही कागदावर, सुरू झाले पाहिजे.

सर्वप्रथम प्रकरण कोणत्या टप्प्यावर आहे आणि जवान कोठडीत आहे का, हे निश्चित करावे. कलम 102 नुसार, सेवेच्या दृष्टीने अशक्य नसेल तर, कोठडीत घेतलेल्या माणसावरील आरोपाची चौकशी 48 तासांच्या आत हाती घ्यावी लागते. आरोपी अ‍ॅक्टिव्ह सर्व्हिसवर (शत्रूविरुद्धच्या मोहिमेसारख्या सेवेवर) नसेल आणि कोर्ट मार्शल न बसता कोठडी आठ दिवसांपलीकडे लांबली, तर कलम 103 प्रमाणे कमांडिंग ऑफिसरला विलंबाचा अहवाल वर पाठवावा लागतो. या अहवालाबाबत लेखी विचारणा करून तिची पोच जपून ठेवावी. कोठडीच्या तारखांची नोंदही पहिल्यापासून ठेवावी, कारण पुढे कारावासाची शिक्षा झालीच तर कलम 169अ खाली ते दिवस शिक्षेतून वजा होतात.

त्यानंतर कोणते कोर्ट बसणार आहे ते पाहावे. जनरल कोर्ट मार्शलमध्ये किमान पाच अधिकारी असतात आणि जज अ‍ॅडव्होकेटची, म्हणजे कोर्टाला कायद्याचा सल्ला देणाऱ्या अधिकाऱ्याची, उपस्थिती बंधनकारक असते. डिस्ट्रिक्ट कोर्ट मार्शलमध्ये किमान तीन अधिकारी असतात आणि ते दोन वर्षांपर्यंतच कारावास देऊ शकते. समरी जनरल कोर्ट मार्शल विशेष परिस्थितीसाठी आहे. मात्र सर्वसाधारण जवानाच्या वाट्याला बहुधा येते ते समरी कोर्ट मार्शल, ज्यात कमांडिंग ऑफिसर एकटाच कोर्ट असतो आणि इतर दोघे केवळ हजर राहतात. अधिकारी किंवा जेसीओ (ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर) यांच्यावर हे कोर्ट चालत नाही. ते चालवणारा अधिकारी लेफ्टनंट कर्नल किंवा त्यावरच्या हुद्द्याचा असेल, तर एक वर्षापर्यंतचा कारावास आणि बडतर्फी या दोन्ही शिक्षा एकाच दिवसात होऊ शकतात.

अधिकारक्षेत्र आणि मुदत हे दोन मुद्दे सुरुवातीलाच तपासावेत. लष्करी कायद्याखाली नसलेल्या व्यक्तीचा खून, सदोष मनुष्यवध किंवा तिच्यावरील बलात्कार हे गुन्हे, अ‍ॅक्टिव्ह सर्व्हिस, परदेश किंवा अधिसूचित सीमावर्ती ठाणे हे अपवाद वगळता, कलम 70 मुळे कोर्ट मार्शलपुढे चालवता येत नाहीत. कलम 122 ने खटल्याला तीन वर्षांची मर्यादा घातली आहे. पळून जाणे, फसवून भरती होणे आणि बंड यांना ती लागू नाही. गुन्हा उशिरा उघडकीस आला असेल, तर तो सक्षम अधिकाऱ्याला नेमका कधी कळला यावर मुदतीची मोजणी अवलंबून असते, म्हणून पहिली तक्रार, पहिले पत्र आणि पहिला सिग्नल (लष्करी संदेश) यांच्या तारखा मिळवणे अत्यावश्यक ठरते.

आता कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे लष्करी अधिकाऱ्यांनी केलेली घटनेची प्राथमिक चौकशी. एखाद्याच्या चारित्र्याला किंवा लष्करी लौकिकाला बाधा येण्याची शक्यता असेल, तर नियम 180 प्रमाणे त्याला संपूर्ण चौकशीत हजर राहण्याची, साक्षीदारांना प्रश्न विचारण्याची आणि आपले साक्षीदार देण्याची पूर्ण संधी मिळाली पाहिजे. प्रत्यक्षात जवानाला साक्षीदार म्हणून आत बोलावले जाते, त्याचे निवेदन घेतले जाते, तो बाहेर पडतो, आणि त्याच्याविरुद्धच्या साक्षी नंतर त्याच्या अपरोक्ष नोंदवल्या जातात. इथे गप्प राहणे फार महागात पडते. नियम 22 नुसार कमांडिंग ऑफिसरने आरोपाची सुनावणी आरोपीसमोर घ्यायची असते, पण नियम 180 चे पालन झालेले असेल तर ही सुनावणी टाळता येते. म्हणजे चौकशीत संधी दिल्याचा खोटा शेरा लिहिला गेला, तर पुढची एक पायरीच निघून जाते. संधी मिळाली नसेल तर त्याच आठवड्यात जवानाने तसा लेखी अर्ज द्यावा. नियम 182 मुळे या चौकशीतील जबाब कोर्ट मार्शलमध्ये पुरावा म्हणून वापरता येत नाहीत, हेही लक्षात असू द्यावे.

नियम 23 खालील समरी ऑफ एव्हिडन्स, म्हणजे खटल्याआधी साक्षी लिहून घेण्याची कार्यवाही, हा मला बचावाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा टप्पा वाटतो. साक्षीदाराची साक्ष आरोपीसमोर होते, आरोपी उलटतपासणी करू शकतो आणि प्रश्नोत्तरे साक्षीला जोडली जातात. पुढच्या कोर्टाच्या हाती हीच संचिका असते, आणि गुन्हा कबूल केला गेल्यास बहुतांशी तिच्यावरच निकाल लागतो. या वेळी वकील सहसा शेजारी नसतो. म्हणून आधीच जवानाशी बसून प्रत्येक साक्षीदारासाठी तीन-चार नेमके प्रश्न लिहून द्यावेत. समजा, रजा संपूनही 23 दिवस उशिरा परतल्याचा कलम 39 खालचा आरोप आहे आणि त्या काळात जवानाची आई सिव्हिल हॉस्पिटलमध्ये दाखल होती. कंपनी हवालदार मेजरला विचारायचे प्रश्न साधे असावेत. रजा संपल्याच्या दुसऱ्या दिवशी आरोपीचा तुम्हाला फोन आला होता का? आई दवाखान्यात असल्याचे त्याने सांगितले का? तुम्ही ते कंपनी कमांडरना कळवले का? परत येताना तो स्वतःहून आला की त्याला पकडून आणले? उत्तर 'आठवत नाही' असे आले तरी तेच शब्द नोंदवून घ्यावेत. या कलमात 'पुरेशा कारणाशिवाय' हा घटक सिद्ध व्हावा लागतो, म्हणून हॉस्पिटलचे डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिले आणि कॉलचा तपशील याच वेळी संचिकेत गेला पाहिजे. आरोप कलम 38 खाली, म्हणजे पळून गेल्याचा असेल, तर परत न येण्याचा इरादा हा त्याचा गाभा असतो आणि स्वतःहून हजर होणे ही बचावाची मोठी जमेची बाजू ठरते.

साक्ष इंग्रजीत लिहिली जाते. आरोपीला इंग्रजी येत नसेल, तर ती त्याला समजणाऱ्या भाषेत सांगावी लागते. अर्थ कळल्याशिवाय सही करू नये, हे जवानाला पुनःपुन्हा बजावावे. शेवटी त्याला निवेदन करायचे आहे का असे विचारले जाते. तसे करण्याचे बंधन नाही आणि जे बोलेल ते पुराव्यात येऊ शकते, ही ताकीद त्याला दिली जाते. बचाव पक्का झालेला नसेल तर मौन राखणे श्रेयस्कर.

कोर्ट मार्शलला पुराव्याचा सर्वसाधारण कायदाच लागू असतो, आणि 1 जुलै 2024 पासून तो भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 हा आहे. वरिष्ठांपुढे दिलेला कबुलीजबाब पोलिसांपुढील कबुलीसारखा आपोआप बाद होत नाही. परंतु धमकी, प्रलोभन किंवा 'लिहून दे, मिटवून टाकू' असे आश्वासन यांतून तो आला असेल, तर या अधिनियमाच्या कलम 22 खाली त्याला हरकत घेता येते, कारण जवानासाठी त्याचा वरिष्ठ हा अधिकारपदावरील व्यक्ती असतोच. व्हॉट्सअ‍ॅप संदेश किंवा सीसीटीव्ही चित्रण आणले गेल्यास कलम 63 खालील प्रमाणपत्र मागावे.

खटल्याची तारीख जवळ आली, की नियम 33 आणि 34 हातात ठेवून काम करावे. आरोपीला तयारीची पुरेशी संधी, साक्षीदार आणि कायदेशीर सल्लागार यांच्याशी मोकळा संपर्क, आरोपपत्र आणि समरी ऑफ एव्हिडन्सची प्रत हे त्याचे हक्क आहेत. आरोप कळवल्यापासून ते कोर्टात वाचून दाखवेपर्यंत किमान 96 तास, आणि अ‍ॅक्टिव्ह सर्व्हिसवर किमान 24 तास, जावे लागतात; या एकाच त्रुटीवरून शिक्षा रद्द झाल्याची उदाहरणे आहेत. जनरल आणि डिस्ट्रिक्ट कोर्ट मार्शलमध्ये कलम 130 प्रमाणे आरोपीला कोर्टातील कोणत्याही अधिकाऱ्याबद्दल हरकत घेता येते. ज्याने प्रकरणाची चौकशी केली किंवा साक्षी नोंदवल्या, तो नियम 39 नुसार मुळातच अपात्र असतो. आरोपपत्रातील दोष, अधिकारक्षेत्राचा अभाव किंवा मुदतबाह्यता यांवरील हरकती अनुक्रमे नियम 49, 51 आणि 53 खाली, प्रत्येकीच्या वेळी आणि लेखी द्याव्यात. सरकार पक्षाचा पुरावा संपल्यावर प्रथमदर्शनी प्रकरणच उभे राहत नसेल, तर नियम 57 खाली तसा अर्ज करावा. नियम 149 मुळे केवळ तांत्रिक चूक दाखवून भागत नाही. तिच्यामुळे आरोपीवर अन्याय झाला हे दाखवावे लागते. त्यामुळे प्रत्येक हरकतीत 'यामुळे अमुक साक्षीदार तपासता आला नाही' अशा स्वरूपाचे ठोस नुकसान नमूद करावे.

समरी कोर्ट मार्शलमध्ये बचाव करणाऱ्याचे हात बांधलेले असतात. नियम 129 नुसार आरोपीचा मित्र, मग तो वकील असला तरी, सल्ला देऊ शकतो आणि प्रश्न सुचवू शकतो. तो स्वतः साक्षीदाराला प्रश्न विचारू शकत नाही किंवा कोर्टाला उद्देशून बोलू शकत नाही. म्हणून खरी तयारी जवानाचीच करून घ्यावी लागते, आणि तीत पहिली गोष्ट म्हणजे गुन्ह्याची कबुली. 'कबूल कर, साहेब सांभाळून घेतील' या एका वाक्याने किती घरांचे निवृत्तिवेतन गेले असेल, याचा विचार मनाला फार लागतो. बडतर्फ झालेल्याचे निवृत्तिवेतन सामान्यतः जाते, ही गोष्ट कबुलीआधी जवानाला आणि शक्य असल्यास त्याच्या पत्नीलाही स्पष्ट सांगावी. नियम 115 प्रमाणे आरोप समजला आहे का याची कोर्टाने खात्री करायची असते, कबुलीचा परिणाम समजावून सांगायचा असतो, समरी ऑफ एव्हिडन्समधून बचाव दिसत असेल तर कबुली मागे घेण्याचा सल्ला द्यायचा असतो, आणि हे सारे केल्याची नोंद ठेवायची असते. ते पान आधी पाहावे. छापील मजकुराखाली आरोपीची सही आहे का, विचारलेले प्रश्न आणि दिलेली उत्तरे लिहिली आहेत का, हे तपासावे. सीमा सुरक्षा दलाच्या अशाच स्वरूपाच्या कोर्टातील एका प्रकरणात, कबुलीवर आरोपीची सही नव्हती आणि परिस्थितीने तिला पाठबळ दिले नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने 2023 साली त्या शिपायाच्या बाजूचा निकाल कायम ठेवला.

पक्षपात आणि शिक्षेचे प्रमाण यांबाबत 1987 चा रणजित ठाकूर निकाल प्रत्येकाने मुळातून वाचावा. जेवण्याचा हुकूम मोडल्याबद्दल त्या सिग्नलमनला एक वर्षाचा कारावास आणि बडतर्फी झाली होती, आणि ज्या अधिकाऱ्याविरुद्ध त्याने तक्रार केली होती, तोच कोर्टात बसलेल्यांमध्ये होता. सर्वोच्च न्यायालयाने ती कार्यवाही रद्द केली. गुन्हा शाबित झाला तरी बचाव संपत नाही, हे यातून घ्यायचे. सेवेची वर्षे, पदके, दुर्गम भागातील नेमणुका, मागील शिक्षांचा अभाव आणि घरची स्थिती कागदपत्रांसह मांडावी, आणि बडतर्फीऐवजी हुद्दा कमी करण्याची विनंती स्पष्ट शब्दांत करावी.

जनरल आणि डिस्ट्रिक्ट कोर्ट मार्शलचा निकाल सक्षम वरिष्ठ अधिकाऱ्याकडून शिक्कामोर्तब झाल्याशिवाय वैध ठरत नाही, त्यामुळे त्याआधीच कलम 164 खाली अर्ज करता येतो. नंतरही केंद्र सरकार किंवा लष्करप्रमुख यांच्याकडे दाद मागता येते. समरी कोर्ट मार्शलची शिक्षा मात्र बहुधा लगेच अमलात येते. पुढचे दार सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचे. 2007 च्या कायद्याने ते स्थापन झाले आणि महाराष्ट्र, गोवा व गुजरातसाठी त्याचे खंडपीठ मुंबईत आहे. कलम 15 खालील अपिलात न्यायाधिकरण पुरावा नव्याने तपासू शकते, निष्कर्ष बदलू शकते, शिक्षा कमी करू शकते आणि जामीनही देऊ शकते. उच्च न्यायालयाची रिट अधिकारिता अबाधित असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये स्पष्ट केले आहे. कार्यवाहीची प्रत मागण्याचा हक्क नियम 147 ने दिलेला आहे. तो अर्ज निकालाच्या दिवशीच द्यावा आणि प्रत हाती येताच आरोपीच्या सह्या, तारखा आणि हरकतींच्या नोंदी आपल्याजवळील पोचपावत्यांशी पानागणिक ताडून अपिलाचे मुद्दे काढावेत.