ट्यूब टाकण्याआधी एक फोन: आयसीयूचं दार बंद असताना घरच्यांनी काय करावं

एका पेशंटला व्हेंटिलेटरवर घ्यायचं ठरलं. औषधं भरणं, ट्यूब तपासणं, मशीन जोडणं यात वीसेक मिनिटं गेली. तेवढा वेळ तो पूर्ण शुद्धीत होता. दोन शब्द बोलला की दम लागायचा, पण बोलत होता. मोबाइल त्याच्या उशीशी होता आणि बायको घरी फोनकडे डोळे लावून बसली होती. आम्ही चौघं त्याच्या बेडभोवती होतो, पण तो फोन लावायचं कुणालाही सुचलं नाही. अकरा दिवसांनी तो गेला. मधल्या काळात घशात ट्यूब होती, त्यामुळे त्याचा आवाज कुणीच पुन्हा ऐकला नाही.

मी आयसीयूत परिचारिका आहे. मार्च २०२० मध्ये कोविडला महासाथ जाहीर केलं गेलं आणि त्याच सुमारास आमच्याकडच्या भेटी बंद झाल्या. पुढच्या लाटांमध्ये मी जे शिकले ते बरंचसं असं कुणाच्या तरी नुकसानीतूनच शिकले. उद्या दुसऱ्या एखाद्या साथीत ते दार पुन्हा बंद झालं, तर बाहेरच्या माणसाच्या हातात काय उरतं, ते इथे लिहिते आहे.

पहिलं काम दाखल करतानाच करायचं. ड्यूटीवरच्या डॉक्टरांना आणि सिस्टरना स्पष्ट सांगा: "ट्यूब टाकायची वेळ आली तर आधी दोन मिनिटं आमचं बोलणं करून द्या, मग रात्रीचे तीन वाजलेले असोत." हे केसपेपरवर लिहून घ्यायला सांगा. तोंडी सांगितलेलं शिफ्ट बदलली की हरवतं. पेशंट अचानक कोसळला तर तेवढा वेळ मिळत नाही, हेही मनाशी धरून ठेवा. पण बहुतेकदा काही मिनिटं असतात, फक्त कुणीतरी ती मागून ठेवलेली असावी लागतात.

त्या फोनवर काय बोलायचं? "आता तुम्हाला औषधानं झोपवतील, मशीन श्वास देईल, आम्ही रोज तुमच्याशी बोलणार आहोत." एवढं सांगा आणि मग थांबा. त्याला काही सांगायचं असतं. कुणाला फोन करायचा राहिलाय, कुठली कागदं कुठे आहेत, "घाबरू नका" एवढंच. हे सगळं पहिल्या दिवशी, दम कमी असताना बोलून झालेलं असेल तर आणखी चांगलं. उपचारांचे निर्णय त्याच्या वतीनं कुणी घ्यायचे, कुठवर प्रयत्न करायचे, हेही त्यालाच विचारा. पुढे हा प्रश्न डॉक्टर तुम्हाला विचारतील, तेव्हा त्याचं उत्तर तुमच्याजवळ असेल.

सोबत द्यायची पिशवी

मोबाइल आणि लांब वायरचा चार्जर द्या. फोनचं लॉक काढून ठेवा किंवा त्याचा आकडा सिस्टरना सांगा. बेशुद्ध माणसाचा फोन उघडता न आल्यामुळे किती कॉल वाजून वाजून बंद झाले, ते मी पाहिलं आहे.

चष्मा, कवळी, कानाचं यंत्र आणि त्याचे जादा सेल द्या. प्रत्येक वस्तूवर नाव हवं. एक आजी दोन दिवस काहीच नीट उत्तर देत नव्हत्या. आम्ही त्यांना भ्रम झाला असं धरून चाललो होतो. तिसऱ्या दिवशी मुलीनं फोनवर विचारलं, "आईचं कानाचं यंत्र लावलंय ना?" ते घरीच राहिलं होतं. आमच्या सगळ्यांच्या तोंडावर मास्क, म्हणजे ओठ बघून समजून घ्यायची सोयही त्यांना नव्हती. यंत्र आलं, कानात बसलं आणि आजी म्हणाल्या, "इतके दिवस सगळे पुटपुटत का होता?"

याबरोबर एक पानभर मजकूर द्या. घरात त्यांना काय म्हणतात, कोणती भाषा बोलतात, कोणत्या कानानं चांगलं ऐकू येतं, डावरे आहेत का, आयुष्यभर काय काम केलं, कशानं शांत होतात, कशाची भीती वाटते. वर एक फोटो लावा, तब्येत चांगली असतानाचा. पान प्लास्टिकच्या कव्हरमध्ये घाला, म्हणजे जंतुनाशकानं पुसता येतं. आम्ही असं पान बेडच्या डोक्याशी चिकटवतो. सात नंबरचा बेड त्या क्षणापासून "मास्तर" होतो, आणि रात्री दोन वाजता कूस बदलतानाही "मास्तर, जरा वळवतोय हं" असं आपोआप तोंडातून येतं.

रोजचा फोन आणि चार प्रश्न

घरातून एकाच माणसानं बोलायचं, ही माझी कळकळीची विनंती आहे. एकाच पेशंटसाठी भाऊ, जावई, मुलगी आणि मावशी असे चार फोन आले की चौघांना चार वेगवेगळे शब्द ऐकू येतात आणि घरात त्यावरून भांडण होतं. एक माणूस ठरवा, त्याला पर्याय म्हणून दुसरा ठेवा. बाकीच्यांना निरोप तोच लिहून पाठवेल. फोन किती वाजता करायचा हे विभागालाच विचारा. शिफ्ट बदलताना आणि सकाळच्या राउंडच्या वेळी शक्यतो टाळा. फोन उचलला नाही तर वाईट काही घडलंय असं समजू नका. कोविडमध्ये फुप्फुसं फार बिघडलेल्या पेशंटला आम्ही पालथं झोपवायचो, एका वेळी साधारण सोळा तास. नळ्या सांभाळत एका माणसाला पालथं करायला पाच-सहा जण लागतात. तेव्हा फोनपाशी कुणीच नसतं.

बहुतेक नातेवाईक पहिला प्रश्न विचारतात, "सॅच्युरेशन किती?" म्हणजे रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण. तो आकडा एकटा काही सांगत नाही. पुढचा प्रश्न विचारा: "त्यासाठी ऑक्सिजन किती टक्के द्यावा लागतोय?" साध्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो, मशीनवर तो १०० टक्क्यांपर्यंत वाढवता येतो. सॅच्युरेशन काल ९३ होतं आणि आजही ९३ आहे, पण कालचा ८० टक्के ऑक्सिजन आज ५० वर आला असेल तर फुप्फुसं सुधारत आहेत. उलटं असेल तर बिघडत आहेत. फोनवर "आहे तसंच आहे" ऐकून ज्या घरांनी सुटकेचा श्वास सोडला, त्यांतल्या काहींना हा दुसरा आकडा कुणी सांगितलेलाच नव्हता.

उरलेले तीन प्रश्न असे. बीपी टिकवायला औषध चालू आहे का, आणि त्याचा डोस कालपेक्षा वाढला की कमी झाला? लघवी होते आहे का, डायलिसिस लागतंय का? झोपेचं औषध चालू आहे का, आणि कमी केल्यावर हाक मारली तर डोळे उघडतात का? चारही उत्तरं तारखेसह वहीत लिहा. एका दिवसाच्या आकड्यावरून काही ठरवू नका, तीन-चार दिवसांची उत्तरं एकाखाली एक बघा.

"स्टेबल" या शब्दाबद्दल सांगायलाच हवं. आम्ही तो सर्रास वापरतो. आयसीयूत त्याचा अर्थ एवढाच, की गेल्या काही तासांत बदल झालेला नाही. अत्यंत गंभीर पेशंटही स्टेबल असतो. हा शब्द ऐकला की लगेच विचारा, "स्टेबल, पण गंभीर का?" आणि आठवड्यातून एकदा तरी डॉक्टरांना सरळ विचारा, "यातून ते वाचतील असं तुम्हाला वाटतं का?" विचारल्याशिवाय हे उत्तर क्वचितच मिळतं, आणि प्रश्न विचारणाऱ्या घराला कुणी उद्धट समजत नाही.

व्हिडिओ कॉल

२०२० च्या सुरुवातीच्या महिन्यांतल्या एका अभ्यासात १४ देशांतल्या ६९ आयसीयूंमधले २०८८ कोविड पेशंट होते. ज्यांना घरच्यांची भेट मिळाली, प्रत्यक्ष किंवा व्हिडिओवर, त्यांच्यात भ्रमाचा धोका कमी आढळला. व्हिडिओ कॉल मागताना "त्रास देतोय" असा संकोच करू नका. तो उपचाराचाच भाग आहे, आणि झोपेच्या औषधाखाली असलेल्यालाही आवाज ऐकू येत असेल असं धरूनच आम्ही काम करतो.

स्क्रीन सुरू होण्याआधी सिस्टरना विचारा, "काय दिसणार आहे?" पालथं झोपवल्यावर चेहरा सुजतो, ओळखू येत नाही इतका. तोंडात नळी असते, नाकात नळी, गळ्याशी सलाईनच्या वायरी. नळ्या ओढू नयेत म्हणून कधी हात बांधलेले असतात. हे ऐकून घेतल्यावरच कॉल घ्या, आणि लहान मुलांना समोर बसवायचं का ते त्यानंतर ठरवा. त्यांना नुसता आवाज पाठवू देणंही चालतं.

बोलताना आधी स्वतःचं नाव सांगा, मग वार आणि वेळ, मग ते कुठे आहेत आणि का आहेत ते. तिथे दिवस-रात्र कळत नाही. आमचे चेहरे झाकलेले असतात. २०१४-१५ मधल्या इबोलाच्या साथीत लायबेरियात मेरी बेथ हेफर्नन या कलाकारानं कर्मचाऱ्यांचे हसरे फोटो पीपीईवर, म्हणजे अंगभर घालायच्या संरक्षक पोशाखावर, चिकटवायची कल्पना राबवली. कोविडमध्ये आम्हीही तेच केलं. तरी उघडा, ओळखीचा, हलता चेहरा पेशंटला दिसतो तो तुमचाच. मोबाइल डोळ्यांच्या पातळीला धरा, उजेड तुमच्या तोंडावर येऊ द्या. उत्तर द्यावं लागेल असे प्रश्न नकोत. तो जागा असेल तर "हो असेल तर डोळे मिटा" असं म्हणा. "बोलत का नाहीस?" हे चुकूनही म्हणू नका, नळी स्वरयंत्रातून गेलेली असते. घरात आज काय झालं ते सांगा, नेहमीच्या सुरात. रडू आलं तर येऊ द्या. पाच-सात मिनिटं पुरतात. स्क्रीनशॉट काढू नका. त्या अवस्थेतला फोटो कुणी पाहावा हे ठरवायला तो माणूस शुद्धीवर नाही.

कॉल जमला नाही तर दोन मिनिटांचा आवाज रेकॉर्ड करून पाठवा. आम्ही तो कानाशी लावतो. एका मुलीनं रोज संध्याकाळी एक पाठवला, शेवटी नेहमी "झोपा आता, मी आहे."

प्रकृती खालावली तर

भेटबंदीच्या काळातही बऱ्याच ठिकाणी अखेरच्या वेळेसाठी सवलत होती. पण ती आपणहून कुणी सांगेल याची वाट पाहू नका. "गंभीर" शब्द ऐकताच विचारा: एकाला आत येता येईल का, आणि रात्री बोलवायची वेळ येईल असं वाटतं का? परवानगी मिळाली तर खाऊन-पिऊन, स्वच्छतागृहात जाऊन, दागिने आणि घड्याळ काढून या. पीपीई घातल्यावर यांतलं काही करता येत नाही. स्वतःला ताप-खोकला असेल तर आधी सांगा. आत हातमोज्यांनीच हात धरा, तो स्पर्श पोहोचतो. निघताना घाई करू नका, कारण संसर्गाचा धोका पीपीई काढताना जास्त असतो. सिस्टर सांगतील त्या क्रमानं काढा, प्रत्येक टप्प्याला हात स्वच्छ करा आणि मास्क सगळ्यात शेवटी, खोलीबाहेर आल्यावर.

आत जाणं शक्यच नसेल तर सिस्टरना सांगा, "फोन त्यांच्या कानाशी ठेवा, आम्ही चालू ठेवतो." मी असे फोन तासभर धरले आहेत. कधी पलीकडे नुसता श्वास ऐकू यायचा.

वही

ज्या वहीत चार उत्तरं लिहिता, तिच्यातच खाली दोन-तीन ओळी त्यांना उद्देशून लिहा. "आज तुम्हाला पालथं झोपवलं. बाहेर पाऊस होता. धाकट्यानं तुमची सायकल पुसली." अशी डायरी ठेवायची पद्धत स्कँडिनेव्हियातल्या परिचारिकांनी रुजवली. आयसीयूतून उठलेल्या माणसाच्या आठवणीतून काही आठवडे गायब असतात आणि त्या जागी भीतिदायक, खोट्या आठवणी बसलेल्या असतात. एका पेशंटला खात्री होती की आम्ही त्याला जहाजाच्या तळघरात बांधून ठेवलं होतं. बायकोनं वही दाखवली. बाराव्या पानावर लिहिलं होतं, "आज हात बांधलेत, नळी ओढत होतात म्हणून. सिस्टरनी फोन करून सांगितलं." तो ते पान बराच वेळ बघत राहिला, मग माझ्याकडे बघून त्यानं विचारलं, "त्या सिस्टर तुम्हीच का?"

वॉर्डात हलवल्याच्या पहिल्या दिवशी वही पुढे करू नका. ते स्वतः विचारतील, "मला काय झालं होतं?" तेव्हा शेजारी बसून, एका वेळी दोन पानं वाचा.