बँडसाठी परवडणारा डिजिटल मिक्सर कसा निवडावा

ऑर्केस्ट्रा असो, कॉलेजचा बँड असो, की दिवाळी पहाटेपुरता जमवलेला ग्रुप, दर कार्यक्रमाला साउंडवाल्याचा मिक्सर (सगळ्या माइक-वाद्यांचे आवाज जुळवायचं यंत्र) भाड्याने घेण्यापेक्षा स्वतःचा घेऊन टाकावा हा विचार कधी ना कधी येतोच. मग दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न असतो, "किती चॅनेलचा आहे?" माझं ऐकाल तर आधी विचारा, "आउट किती आहेत?" आउट म्हणजे आवाज बाहेर नेणारे सॉकेट. स्वस्त डिजिटल मिक्सरमध्ये कंपन्या हात आखडता घेतात तो बहुतेक वेळा इथेच, आणि स्टेजवरची भांडणंही याच्यावरूनच होतात. गायिकेला मॉनिटरमध्ये, म्हणजे कलाकारांकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये, पेटी हवी असते, तबलजींना गाणं हवं असतं पण कीबोर्ड नको असतो. दोघांना एकाच ऑक्सवर (मॉनिटरसाठीच्या आउटवर) बसवलं की कार्यक्रमभर हातवारे चालू.

पायरी १ : कागदावर दोन रकाने करा

डाव्या रकान्यात मिक्सरच्या आत काय येणार, उजव्यात बाहेर काय जाणार. सुगम संगीताचा साधा ग्रुप घेऊ. गायक, गायिका, निवेदक हे तीन माइक. पेटीला एक. तबल्याला एक, डग्ग्याला एक. ढोलकीला शाईच्या बाजूला एक आणि धुमेच्या बाजूला एक. कीबोर्ड स्टिरिओ म्हणजे दोन लाइन, ऑक्टोपॅड या इलेक्ट्रॉनिक तालवाद्याच्या दोन. गिटार, बेस, बासरी, कोरसचा एक माइक. झाले की सोळा! छोटी तालवाद्यं वाजवणाऱ्या साइड ऱ्हिदमवाल्याला अजून मोजलंच नाही. निवेदकाला बरेच जण यादीत धरत नाहीत आणि मग ऐन वेळी त्याला कोरसचा माइक देतात.

उजव्या रकान्यात प्रेक्षकांसाठी मेन लेफ्ट आणि राइट लिहा, आणि खाली ज्याला ज्याला स्वतंत्र मॉनिटर हवा त्याचं नाव. इथे भीड ठेवू नका. "मला काहीही चालेल" म्हणणारा वादक साउंड चेकला पहिला हात वर करतो. इन-इअर (कानात घालायचे मॉनिटर) वापरणार असाल आणि ते स्टिरिओ हवं असेल, तर एका माणसाला दोन ऑक्स लागतात. म्हणजे सहा ऑक्सच्या मिक्सरवर तीनच माणसं.

पायरी २ : नावातल्या आकड्यावर जाऊ नका

मॉडेलच्या नावात असलेला आकडा म्हणजे माइकचे सॉकेट नव्हेत. बेहरिंगरच्या एक्स एअर मालिकेत एक्सआर १२ ला माइकचे प्रीअँप (माइकचा क्षीण आवाज वाढवणारे इनपुट) फक्त चार, एक्सआर १६ ला आठ आणि एक्सआर १८ ला सोळा. बाकीचे इनपुट लाइनचे, म्हणजे कीबोर्डसारख्या वाद्यांचे. ऑक्स आउटही तसेच चढत जातात : दोन, चार, सहा. साउंडक्राफ्टच्या यूआय १६ ला माइक बारा आणि ऑक्स चार, तर यूआय २४आर ला माइक वीस आणि ऑक्स आठ. ॲलन अँड हीथचा सीक्यू-१८टी सोळा माइक-लाइन इनपुट आणि सहा आउट देतो, शिवाय अंगावरच टचस्क्रीन आहे.

आता वरची यादी यांच्यासमोर ठेवा. एक्सआर १८ वर कीबोर्ड सतरा-अठराच्या लाइन इनपुटमध्ये टाकला की माइकच्या सोळा सॉकेटपैकी दोन सुटतात आणि साइड ऱ्हिदमची सोय होते. एक्सआर १६ नाव ऐकून घेणाऱ्याचे मात्र तबला-ढोलकीतच हाल होतील. चौघांचा कॅफे बँड असेल, दोन गळे, गिटार, कहोन (वर बसून वाजवायचा लाकडी खोका) आणि बेस एवढाच पसारा, तर लहान मिक्सर पुरेसा आहे. पण लहानातही चार ऑक्सच्या खाली जाऊ नये, असं माझं मत.

इनपुट कमी पडले तर कोरसचे दोन माइक एक करता येतात, ऑक्टोपॅड मोनो घेता येतो. आउट कमी पडले तर असा मार्ग जवळजवळ नाहीच.

पायरी ३ : चालवणार कोण, ते ठरवा

परवडणाऱ्या मिक्सरपैकी बरेचसे नुसते डबे आहेत. त्यांच्यावर फेडर (आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या दांड्या) नाहीत, सगळं टॅबलेटवरून. स्टेजच्या कोपऱ्यात डबा ठेवायचा, माइकच्या वायरी तिथल्या तिथे लावायच्या. स्टेजपासून मागच्या रांगेपर्यंत अनेक वायरींची मिळून केलेली जाडजूड स्नेक केबल ओढायची गरजच उरत नाही. पुण्यात बाणेरच्या किंवा कोरेगाव पार्कच्या कॅफेत, जिथे बँडलाच उभं राहायला जागा नसते, तिथे हे वरदान आहे. बँडमधलाच कुणी वाजवता वाजवता आवाज सांभाळणार असेल तरीही डबाच बरा, कारण प्रत्येक वादक आपल्या फोनवरून आपला मॉनिटर स्वतः लावू शकतो.

पण तुमच्याकडे वर्षानुवर्षं फेडरवर बोटं ठेवून काम करणारा साउंडवाला असेल, तर त्याच्या हातात टॅबलेट देऊ नका. फीडबॅकची शिट्टी सुरू झाली की त्याला फेडर हवा असतो. काचेवर पान उलटून चॅनेल शोधेपर्यंत पहिल्या रांगेतले आजोबा कानावर हात ठेवून उठलेले असतात. अशा वेळी फेडर असलेला मिक्सर पाहा, बजेट ताणावं लागलं तरी.

पायरी ४ : वायफायवर विश्वास ठेवू नका

डबा मिक्सरमध्ये अंगचं वायफाय असतं. रिकाम्या हॉलमध्ये तालमीला ते उत्तम चालतं. प्रेक्षक आले, शेकडो फोन खिशात घेऊन बसले, की तेच वायफाय मान टाकतं. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल जेमतेम तीन, म्हणजे गर्दी होणारच. आवाज बंद पडत नाही, हे लक्षात घ्या. मिक्सर शेवटच्या सेटिंगवर चालूच राहतो. फक्त तुमचा हात त्याच्यापर्यंत पोचत नाही, आणि नेमका त्याच वेळी कोणी तरी माइक घेऊन स्पीकरसमोर जातो.

म्हणून मिक्सर घेताना त्याला लॅनचा (नेटवर्कच्या वायरीचा) सॉकेट आहे का ते पाहा, आणि ५ गिगाहर्ट्झवर चालणारा वेगळा राउटर त्याच खर्चात धरा. राउटर उंचावर ठेवा, पडद्यामागच्या लोखंडी कपाटाआड नको. मोठ्या कार्यक्रमाला त्याच राउटरला एक लॅपटॉप वायरने जोडून ठेवा. बँडच्या नेटवर्कचा पासवर्ड आयोजकांच्या मुलांना देऊ नका, क्रिकेटचा स्कोअर त्यांना दुसरीकडे बघू दे.

पायरी ५ : सीन आणि रेकॉर्डिंग तपासा

डिजिटलचे पैसे खऱ्या अर्थाने वसूल होतात ते इथे. एकदा लावलेला सगळा मिक्स सीन म्हणून सेव्ह होतो आणि पुढच्या कार्यक्रमाला एका टिचकीत परत येतो. पुण्यात दिवाळी पहाट करणाऱ्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर लावता येत नाही, आणि सणासुदीला शासन देऊ शकतं ती सवलत रात्री १२ पर्यंतची, पहाटेची नव्हे. म्हणजे बागेत किंवा मैदानावर सहाला गाणं सुरू करायचं, तर मोठ्या आवाजात साउंड चेक करायला मुहूर्तच नाही.

उपाय असा. एक्सआर १८ यूएसबीवरून अठरा ट्रॅक लॅपटॉपवर वेगवेगळे रेकॉर्ड करतो आणि तेच ट्रॅक त्याच चॅनेलमधून परत वाजवतो. तालीम अशी रेकॉर्ड करून ठेवा. मग वादक घरी झोपलेले असताना तुम्ही हेडफोन लावून ईक्यू (जाड-बारीक आवाजाचा तोल), कॉम्प्रेसर (आवाजाचे चढ-उतार आवरणारा), एको सगळं निवांत लावू शकता. यूआय २४आर लॅपटॉपशिवाय, थेट पेनड्राइव्हवर बावीस ट्रॅक घेतो. एक्सआर १२ आणि १६ मात्र पेनड्राइव्हवर नुसता स्टिरिओ मिक्स घेतात. आठवण म्हणून ठीक, या कामाला निरुपयोगी.

प्रत्येक आउटला स्वतंत्र ग्राफिक ईक्यू आहे का, हेही इथेच पाहून घ्या. मॉनिटरमधली शिट्टी बंद करायला तोच लागतो.

पायरी ६ : बाकीचा खर्च आधी वजा करा

राउटर, छोटा यूपीएस, कीबोर्ड-बेससाठी डीआय बॉक्स (वाद्य माइकच्या सॉकेटला जोडून देणारा), केबल आणि एक मजबूत केस. माझ्या मते एकूण बजेटचा चौथा हिस्सा यातच जातो, म्हणून तो बाजूला ठेवूनच मिक्सरची किंमत ठरवा. यूपीएसला चैन समजू नका. जनरेटर बदलताना वीज क्षणभर जरी गेली, तरी डिजिटल मिक्सर पहिल्यापासून सुरू होतो, आणि तेवढा वेळ स्टेजवर शांतता. राउटरही त्याच यूपीएसवर घ्या. केबल आणि जॅक बुधवार पेठेत तपकीर गल्लीत पाहा. जॅक हातात घेऊन त्याची पिन हलते का बघा, पॅकिंगवर जाऊ नका.

पायरी ७ : घेण्याआधी एक दिवस भाड्याने आणा

ज्या मॉडेलवर मन बसलंय तेच भाड्याने आणून एक पूर्ण तालीम करा. मिक्सरचं ॲप तर आधीही फुकट उतरवून चाळता येतं. ते कुणाला जमतं आणि कुणाला नाही, हे तेव्हाच कळतं. तालमीत तीन गोष्टी मुद्दाम करा : चालू मिक्सरची वीज काढून तो परत यायला किती वेळ लागतो ते मोजा, टॅबलेटचं वायफाय तोडून परत जोडा, आणि सगळे मॉनिटर एकाच वेळी वापरा.

जुना घ्यायचा विचार असेल तर २०१२ साली आलेला बेहरिंगरचा एक्स ३२ बाजारात बऱ्याचदा दिसतो. बत्तीस माइक प्रीअँप आणि सोळा आउट, म्हणजे पायरी १ चा कागद कितीही लांब असला तरी मावतो. रिक्षातून न्यायचा विचार मात्र सोडा. याचे फेडर मोटरवर चालतात, त्यामुळे दोन वेगळे सीन सेव्ह करून आलटून पालटून बोलवा. जो फेडर अडखळतो किंवा मागे राहतो त्याच्या दुरुस्तीचा खर्च किमतीतून कमी करून मागा. मग एकच चांगला माइक आणि एकच चांगली केबल घेऊन बत्तीसही सॉकेट एकेक करून तपासा, प्रत्येकावर फँटम पॉवर (काही माइकना केबलमधूनच लागणारी वीज) चालू-बंद करून. विकणारा चहा मागवेल, तो घ्या, पण सॉकेट मोजणं थांबवू नका.