जुन्या हातबांधणीच्या ट्यूब अॅम्पचा टोन बिघडलाय? आधी या चुका टाळा

सेकंडहँड ट्यूब अॅम्प, म्हणजे काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा गिटारचा अॅम्प्लिफायर, घरी आणला, गिटार लावली आणि आवाज कर्कश निघाला, की बहुतेकांचा पहिला संशय कपॅसिटरवर (वीज साठवणाऱ्या छोट्या भागांवर) जातो. माझाही गेला होता. कोथरूडमधल्या एका वादकाकडून घेतलेला माझा अॅम्प फेंडर कंपनीच्या ५ई३ डिलक्स या जुन्या अॅम्पच्या सर्किटवर बांधलेला आहे. व्हॉल्यूम तीनच्या पुढे नेला की खर्ज फाटायचा, नोट सुटी ऐकूच यायची नाही. मी पुण्यातल्या तापकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून सोल्डर आणलं आणि एका टप्प्यातून पुढच्या टप्प्यात सिग्नल नेणारे तीन कपलिंग कपॅसिटर बदलले. टोन तसाच राहिला, पण बांधणाऱ्याने मन लावून केलेले मूळ जोड मी उखडून बसलो.

दोष पहिल्या ट्यूबमध्ये होता. या सर्किटमध्ये त्या जागी १२एवाय७ ही ट्यूब असते, तिचा गुणक, म्हणजे सिग्नल वाढवण्याची क्षमता, ४४ च्या आसपास. माझ्याकडे १२एएक्स७ बसवलेली होती, गुणक १००. दोघींच्या पिनांची रचना सारखीच, त्यामुळे ती बसते, चालते आणि कुणाला शंका येत नाही. ट्यूब बदलल्यावर नॉब पाचपर्यंत नेला तरी नोट स्वच्छ राहिली. म्हणून अॅम्प उघडण्याआधी ट्यूबवर छापलेले आकडे वाचा आणि मूळ सर्किटशी ताडून पाहा.

त्याही आधी केबल बदलून पाहा, मग दुसरा स्पीकर लावून पाहा. बोदा आवाज पुष्कळदा थकलेल्या स्पीकरचा असतो. मात्र स्पीकर अॅम्पला हव्या त्याच ओहमचा हवा, आणि स्पीकर न जोडता ट्यूब अॅम्पमधून सिग्नल कधीही सोडू नका. स्पीकरला सिग्नल देणारा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. हातबांधणीच्या अॅम्पसाठी तसाच दुसरा मिळवणं सोपं नसतं.

घूं असा आवाज, म्हणजे हम, येत असेल तर तो नीट ऐका. आपली वीज ५० हर्ट्झची आहे. अॅम्पच्या वीजपुरवठ्यातले चढउतार गाळणारा फिल्टर कपॅसिटर सुकला, तर त्याचा हम साधारणपणे १०० हर्ट्झचा असतो, म्हणजे सहाव्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावरच्या जी सुराच्या जवळपास. तो सूर वाजवून हमशी जुळवून पाहा. जुळला आणि खर्जही ढिला वाटत असेल, तर संशय फिल्टर कपॅसिटरवर. हम एक सप्तक खाली असेल, तर हीटरची (ट्यूब आतून तापवणाऱ्या तारेची) वायरिंग, अर्थिंग किंवा खराब केबल तपासा. हम घालवण्यासाठी प्लगची अर्थ पिन काढणारे लोक मी पाहिलेत. हे जिवावर बेतू शकतं, कधीही करू नका.

पावसाळ्यात अॅम्प खरखरला तर दोष बहुधा दमट हवेने गंजलेल्या सॉकेटचा किंवा पॉटचा (नॉबमागच्या फिरत्या भागाचा) असतो. अॅम्प बंद करून, थंड होऊ देऊन, ट्यूब दोन-तीनदा काढून परत बसवा. पॉटवर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. अॅम्प चालू असताना ट्यूबवर पेन्सिलीने हलकेच टिचकी मारा. स्पीकरमधून घंटेसारखा नाद आला, तर ती ट्यूब मायक्रोफोनिक झालीय, म्हणजे धक्केही आवाजासारखे पकडतेय.

भिंतीतला व्होल्टेजही मोजा. माझ्या घरी एका रात्री २४८ भरला. अॅम्पचा ट्रान्सफॉर्मर २२० चा असेल, तर ६.३ व्होल्टच्या हीटरला अशा वेळी सुमारे ७.१ मिळतात. दहा टक्के फरक चालतो, हा त्याहून जास्त आहे. ट्यूब लवकर झिजतात. चांगला स्टॅबिलायझर लावा.

हे सगळं करूनही टोन सुधारला नाही, तरच आत हात घाला. प्लग काढल्यानंतरही कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट साठून राहू शकतात, तेव्हा मीटरने मोजून, रेझिस्टरमधून ते उतरवूनच काम सुरू करा. हे कधी केलं नसेल, तर जुने व्हॉल्व्ह रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर शोधा. आधी आतल्या प्रत्येक जोडाचा फोटो काढा, आणि एका वेळी एकच भाग बदलून ऐका. माझे मूळ तिन्ही कपॅसिटर मी जपून ठेवले होते म्हणून परत बसवता आले.